माशी बांधायची बॉबिन: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात किंवा काश्मीरला लिद्दरच्या काठी फिरायला गेलेली आपली मंडळी हल्ली एक नवा नाद घेऊन परततात. तिथल्या थंड पाण्यात इंग्रजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आणून सोडलेला ट्राउट मासा आहे. तो पकडायला गांडूळ लावत नाहीत. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी वापरतात. हेच फ्लाय फिशिंग. नदीवर दोन दिवस काढले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: या माश्या घरी बांधता येतील का? येतात. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, म्हणजे बांधायला सवडही भरपूर.

मग हत्यारांची यादी शोधली जाते. गळ पकडायला छोटा व्हाइस, बारीक टोकाची कात्री, पिसं धरायचा चिमटा, आणि बॉबिन. पहिली तीन हत्यारं बघून कळतात. बॉबिनपाशी माणूस अडखळतो, कारण दिसायला ती वाकवलेली तार आणि तिला लावलेली एक बारीक नळी, बस. परदेशी दुकानांत हीच वस्तू एक दहा डॉलरच्या आसपास आणि शेजारची पंचवीस-तीस डॉलरला. फोटोत दोघी जुळ्या बहिणी. वर्णनं वाचावीत तर सिरॅमिक, माणिक, डिस्क ड्रॅग, मिज, असे शब्द.

यात कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे बॉबिनचं काम कळल्यावर ठरवता येतं.

बॉबिन करते काय?

शिलाई मशीनमधली बॉबिन डोक्यातून काढून टाका. इथे बॉबिन म्हणजे दोऱ्याचं रीळ धरून ठेवणारं हत्यार. तारेचे दोन पाय स्प्रिंगसारखे आत दाबतात आणि त्यांच्या टोकांच्या गोळ्या रिळाच्या दोन्ही भोकांत बसतात. रीळ मध्ये अडकून राहतं, पण फिरू शकतं. रिळावरचा दोरा वरच्या नळीतून बाहेर येतो. नळीचं टोक गळाभोवती फिरवायचं, की दोरा बसत जातो. बोटांनी दोरा धरून गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी अचूक, कारण नळीच्या टोकापासून गळापर्यंतचा मोकळा दोरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच राहतो.

आणखी एक काम बॉबिन करते, ते सुरुवातीला लक्षात येत नाही. पीस घ्यायला, कात्री उचलायला हात सोडला की बॉबिन गळाखाली लोंबकळत राहते आणि स्वतःच्या वजनाने दोरा ताणलेला ठेवते. हा ताण गेला तर आधीचे वेढे सैल होतात आणि माशी उसवते. म्हणजे वजन हासुद्धा बॉबिनचा एक भागच आहे.

बॉबिन यायच्या आधी लोक बांधत नव्हते असं नाही. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचा हातभर तुकडा घ्यायचा आणि हात सोडताना टोकाला एखादा चिमटा लटकवायचा, असं चालायचं. यॉर्कशायरच्या जुन्या, सडपातळ माश्यांना रेशीमच लागायचं. रेशमाचा रंग पाण्यात भिजला की गडद होतो आणि माशीचं अंग त्या रेशमाचंच असतं. (पिसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्कॉटलंडच्या सॅमन माशांसाठी बांधल्या जाणाऱ्या भरजरी माश्यांवर आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं मानाने बसायची. आता तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहे. रानातून पीस उचलून आणायचं मनातसुद्धा आणू नका.)

ढील किती द्यायची?

संक्रांतीला ज्यांनी पतंग उडवला आहे त्यांना बॉबिनचं निम्मं शास्त्र आधीच येतं. मांजा फार घट्ट धरला तर वाऱ्याच्या झटक्याने तुटतो, फार ढील दिली तर पतंग हाताबाहेर जातो. चक्री धरणाऱ्याला या दोन्हींच्या मधली जागा सापडलेली असते. इथे चक्री धरणारा म्हणजे तारेचे ते दोन पाय.

आता आकडे घेऊ. माशी बांधायच्या नेहमीच्या बारीक दोऱ्याची तुटण्याची ताकद ढोबळमानाने पाव ते अर्ध्या किलोच्या दरम्यान असते. तारेची साधी बॉबिन रिळासकट बहुधा पन्नास ग्रॅमच्या आत भरते. लोंबकळताना रीळ फिरू नये म्हणून पायांची पकड या वजनापेक्षा जास्त हवी. आणि आपण जोर लावला तर दोरा तुटायच्या आधी रीळ फिरायला हवं, म्हणून ती पकड दोऱ्याच्या ताकदीपेक्षा बरीच कमी हवी. या दोन मर्यादांच्या मध्ये बॉबिन बसवणं म्हणजे ताण लावणं.

नव्या बॉबिनचे पाय कारखान्यातून जवळजवळ नेहमीच जास्त घट्ट येतात. माझ्या मते नवशिक्याचे सर्वांत जास्त दोरे याच कारणाने तुटतात, आणि खापर फुटतं दोऱ्यावर. उपाय फुकट आहे: रीळ काढायचं, दोन्ही पाय हाताने हळूच बाहेर वाकवायचे, रीळ घालून बघायचं. सैल झालं तर आत दाबायचे. बॉबिन टांगून सोडल्यावर ती जागच्या जागी राहिली, आणि नळीतून दोरा ओढल्यावर न अडखळता, एकसारखा आला, की झालं. दोरा झटक्याझटक्याने येत असेल तर पायांच्या गोळ्या भोकांत नीट बसलेल्या नाहीत, किंवा रिळाच्या कडेला चरा आहे.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. पायांची पकड तीच राहिली तरी रीळ संपत जाईल तसा ताण वाढत जातो. भरलेल्या रिळावर दोरा मध्यापासून दहा मिलिमीटरवर असेल आणि वापरून वापरून आठ मिलिमीटरवर आला, तर तेच रीळ फिरवायला सव्वापट जोर लागतो. म्हणून ‘काल छान चाललेली’ बॉबिन अर्ध्या रिळावर अचानक दोरा तोडायला लागते. तिला बिघाड झालेला नसतो, पाय जरासे मोकळे केले की ती पुन्हा वळणावर येते.

उलट, मोठ्या माशीसाठी ताण वाढवायचा असेल तर पाय वाकवायचीही गरज नाही. रिळावरून आलेला दोरा नळीत घालण्याआधी बॉबिनच्या एका पायाभोवती एक वेढा द्यायचा. एका वेढ्याने घर्षण भलतंच वाढतं. बंदरावर जहाजाचा दोर खुंट्याला गुंडाळतात त्यामागचा नियम हाच.

महाग काय असतं? नळीची कड

आता किमतीतला खरा फरक. दोरा नळीतून सरळ बाहेर येत नाही, तो कडेवरून वळून येतो. प्रत्येक वेढ्याला तो त्या कडेवर घासतो. नळी कापताना धातूवर जी बारीक कंगोरेदार धार राहते तिला आपल्या वर्कशॉपमध्ये ‘बर’ म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण केसाहून बारीक तंतूंच्या दोऱ्याला पुरते. दोरा एकदम तुटत नाही. आधी एकेक तंतू कापला जातो, दोरा पिंजल्यासारखा दिसतो, आणि माशीचं डोकं बांधायच्या वेळी, म्हणजे सगळं काम झाल्यावर, तुटतो.

चांगली धातूची नळी घासून पॉलिश केलेली असते आणि तिची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली असते. स्वस्त किटमधल्या नळीला यातलं एकही केलेलं नसतं. पितळ मऊ असल्याने त्यात दोऱ्यानेच कालांतराने खाच पडते, आणि खाच पडली की ती करवतीचं काम करते.

सिरॅमिक म्हणजे इथे बहुतेकदा ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड). खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापपट्टीवर, ज्यात हिरा दहावर असतो, ॲल्युमिना नवाच्या आसपास बसतं. नायलॉनचा दोरा त्याच्यावर आयुष्यभर घासला तरी खाच पडत नाही, आणि पॉलिश टिकून राहतं. काही बॉबिनची पूर्ण नळी सिरॅमिकची असते, काहींच्या धातूच्या नळीत दोन्ही टोकांना सिरॅमिकची कडी बसवलेली असते. माणिक लावलेल्या बॉबिन ऐकून दागिना वाटतो, पण कृत्रिम माणिकसुद्धा ॲल्युमिनाच, क्रोमियमच्या अंशाने लाल झालेलं. कठीणपणात त्याचा सिरॅमिकपेक्षा सांगण्यासारखा फायदा नाही. दिसतं मात्र सुरेख, आणि रोज हातात धरायच्या वस्तूत तेही काही वाईट कारण नाही.

“पण जुने लोक साध्या धातूवरच बांधायचे ना?”

बांधायचे, आणि अप्रतिम बांधायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रँक मॅटारेली यांनी हाताने बनवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बॉबिन आजही लोक जपून ठेवतात. त्यांची नळी धातूचीच आहे, पण कड अशी घासलेली की बारीक रेशीमही अडत नाही. म्हणजे प्रश्न धातू की सिरॅमिक हा नाहीच, कड गुळगुळीत आहे की नाही हा आहे. उत्तम पॉलिश केलेलं स्टील हे निष्काळजीपणे बसवलेल्या सिरॅमिकपेक्षा केव्हाही बरं. फक्त आजच्या बाजारात तेवढं हातकाम स्वस्तात मिळत नाही, आणि सिरॅमिक मिळतं.

सिरॅमिकचा एक मोठा दोष आहे: ते ठिसूळ असतं. टेबलावरून फरशीवर पडलं तर कडेचा टवका उडू शकतो. तो टवका धातूच्या बरपेक्षा घातक, कारण तो घासून काढता येत नाही. धातूच्या नळीला निदान घरी उपचार आहेत. सुती दोरीला ब्रासो लावायचं, ती नळीत ओवायची आणि कडेवरून तिरकी धरून मागेपुढे ओढत राहायचं. नंतर नळी आतून पुसून घ्यायची. दहा डॉलरची बॉबिन अशी सुधारते. सगळ्याच नाही, पण बऱ्याच.

विकत घेताना किंवा घरी आल्यावर तपासायचं कसं? कापसाचा सैल पुंजका नळीच्या कडेवरून सगळ्या बाजूंनी ओढा. कुठेही तंतू अडकून राहिला तर तिथे धार आहे. जुना नायलॉनचा पायमोजा असेल तर त्याहून छान कळतं.

ज्यांना बॉबिनच नको त्यांनाही एक मोठा आधार आहे. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी आपली प्रसिद्ध फेझंट टेल निम्फ ही माशी दोऱ्याशिवायच बांधली. केसासारखी बारीक तांब्याची तार त्यांनी दोरा म्हणूनही वापरली आणि माशी पाण्यात बुडावी म्हणून वजनासाठीही. ही माशी जगभर चालते. पण एका माशीच्या जोरावर बॉबिनविना राहायचं असेल तर राहा.

दोऱ्याच्या आकड्यांचा घोळ

बॉबिन दोऱ्यासाठी आहे, म्हणून दोरा समजल्याशिवाय निवड पुरी होत नाही. इचलकरंजी-भिवंडीकडच्या वाचकांना डेनियर शिकवायला नको. इतरांसाठी: नऊ हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ७० डेनियरचा दोरा बारीक, १४० चा त्याच्या दुप्पट वजनाचा. हे माप सगळीकडे सारखं.

माशीच्या दोऱ्यांवर मात्र अजून जुनं शून्यांचं माप छापलेलं असतं: ६/०, ८/०, १४/०. आकडा मोठा तेवढा दोरा बारीक, इतकंच त्यातून कळतं. प्रत्येक कंपनीचं ६/० वेगळं. डॅनव्हिलचं ६/० साधारण ७० डेनियरचं, तर युनीचं ६/० जवळपास १३५ च्या घरातलं. युनीचं ८/० डॅनव्हिलच्या ६/० च्या जवळ जातं. एखाद्या कृतीत नुसतं ‘६/० दोरा’ लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याच्या टेबलावर कुठल्या कंपनीचं रीळ होतं हे विचारायला हवं. डेनियर बघून घेणं सोपं.

बॉबिनशी याचा संबंध असा. मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी १९२२ साली बांधलेली ‘ॲडम्स’ ही माशी घ्या, ट्राउटवाल्यांची अगदी रोजची. सोळा नंबरच्या बारीक गळावर (इथेही आकडा मोठा तेवढा गळ लहान) ती बांधायला ७० डेनियर किंवा त्याहून बारीक दोरा, छोटी हलकी बॉबिन आणि हलका ताण लागतो. याउलट १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीसाठी डॉन गेपन यांनी काढलेली मडलर मिनो. तिच्या डोक्यावर हरणाचे पोकळ केस दोऱ्याने करकचून आवळायचे असतात. आवळल्यावर ते फुलून गळाभोवती उभे राहतात. तिथे ७० डेनियरचं काम नाही. जाड नायलॉन किंवा जेल-स्पन पॉलिथिलिनचा दोरा लागतो. हे पॉलिथिलिन म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्याच जातीचं. तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा ते कैक पटींनी मजबूत, पण अतिशय निसरडं. ते मऊ धातूत चटकन खाच पाडतं. जेल-स्पन वापरणार असाल तर सिरॅमिकला पर्याय शोधू नका. नायलॉन तुटायच्या आधी ताणून हाताला इशारा देतं. जेल-स्पन जवळजवळ ताणतच नाही, म्हणून जोर आवरला नाही तर दोऱ्याच्या आधी गळ वाकतो.

लांबी, आकार आणि पीळ

नळीची लांबी हातावर अवलंबून. बॉबिन तळहातात मावावी आणि नळीचं टोक अंगठा-तर्जनीच्या पुढे आलेलं असावं. लहान हाताला लांब पायांची बॉबिन नकोशी होते. मोठ्या माश्यांवर, केसांच्या दाटीत शिरायला लांब नळी बरी.

आकाराचा विचार मात्र पिळासाठी करा. दोऱ्याला थोडा पीळ कारखान्यातूनच असतो आणि गुंडाळताना त्यात भर पडते. लोंबकळणारी बॉबिन बोटांनी घड्याळाच्या उलट दिशेने गिरकवली की बहुतेक दोऱ्यांचा पीळ सुटतो आणि दोरा सपाट होतो. सपाट दोऱ्याने अंग सडपातळ बसतं. उलट गिरकी दिली की पीळ चढतो, दोरा गोल आणि चावरा होतो, केस आवळायला तो चांगला. ही गिरकी नीट बसायला बॉबिन दोन्ही बाजूंनी तोललेली हवी. एका बाजूला जड बटण असलेल्या बॉबिन डगमगतात.

बटण फिरवून ताण बदलणाऱ्या बॉबिन घ्याव्यात का?

तारेच्या पायांऐवजी काहींमध्ये बटण किंवा स्क्रू असतो. तो फिरवला की रिळावरची पकड कमी-जास्त होते. राइट बॉबिन या जातीतली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिळांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे रीळ बदललं की तारेच्या पायांचा ताण बदलतो. बटण असलं की ही कटकट मिटते. नॉर-व्हाइसची स्वयंचलित बॉबिन त्याच्याही पुढे जाते: आत स्प्रिंग असते आणि सुटलेला जास्तीचा दोरा ती स्वतःच परत गुंडाळून घेते. मात्र तिला तिचीच रिळं लागतात, म्हणजे दोरा आधी त्यांवर भरून घ्या.

रोज पन्नास-शंभर माश्या बांधणाऱ्याला हे सोयीचं असेल. शनिवार-रविवारी चार माश्या बांधणाऱ्याने आधी पाय वाकवायला शिकावं. बोटांना ताण कळायला लागण्याआधी बटणाची सवय लागली की दोरा कुठल्या क्षणी तुटणार हे समजतच नाही. हे माझं मत. बटणवाले माझ्याशी भांडतील, आणि त्यांच्या माश्या छान असतात हेही खरं.

“सिरॅमिक घेतली तरी दोरा तुटतोच!”

मग बॉबिनचा दोष नाही. पहिला संशय गळाच्या टोकावर घ्या. वेढा देताना दोरा टोकाला पुसटसा लागला तरी अर्धे तंतू जातात, तुटतो मात्र पुढच्या वेढ्याला. दुसरा संशय आपल्या बोटांवर. भेगाळलेल्या, कोरड्या त्वचेवर दोरा पिंजतो. खोबरेल लावून जाड भेगा मऊ करा आणि बांधण्याआधी हात पुसून घ्या. तिसरा, रिळाच्या कडेवर. प्लॅस्टिकच्या कडेवर दोरा अडकवायची खाच असते, तिला धार सुटलेली असू शकते. यातलं काहीच नसेल तर नळीत मेण साठलेलं असतं. जाडसर मासेमारीची नायलॉन तार आतून फिरवली की निघतं.

दोरा नळीत घालायला बरेच जण खालून ओवून वरून तोंडाने ओढतात. झटकन होतं, पण माशीला वजन द्यायला शिशाची तार वापरत असाल तर हे सोडा, कारण शिसं हातावर आणि तिथून तोंडात जातं. बारीक तारेचा लांब वेढा करून केलेला ओवणी काही रुपयांत होतो.

मग घ्यायच्या किती?

एक महागडी घेण्यापेक्षा दोन मधल्या किमतीच्या सिरॅमिक. एकीत ७० डेनियरचं रीळ, हलका ताण, ती कायमची तशीच. दुसरीत जाड दोरा, पाय थोडे घट्ट. रीळ बदलायचा आणि ताण पुन्हा लावायचा वेळ वाचतो, हे दहाव्या माशीपर्यंत पटतं. किटमध्ये आलेली धातूची बॉबिन फेकू नका. तिला ब्रासो दाखवा आणि तिच्यात तांब्याची बारीक तार भरा, तारेला कडेचं फारसं काही नसतं. आणि पुढे जेल-स्पन महाग पडतं म्हणून मोठं रीळ घ्याल, तेव्हा थोडा दोरा शिलाई मशीनच्या छोट्या चकतीवर (म्हणजे मशीनमधल्या त्या बॉबिनवर) भरून घेता येतो. त्यासाठी लहान पायांची ‘मिज’ बॉबिन लागते. चकती भरताना दोरा ओला करून ताणून गुंडाळा, नाहीतर हे निसरडं जेल-स्पन वरच्या थरातून खालच्या थरात रुतून बसतं.